तुमचे शंभर, कंपनीचे शंभर

महिनाअखेरीला पगाराची चिठ्ठी उघडली की नजर आधी खालच्या आकड्यावर जाते. मग वर सरकत कपातीचे रकाने: भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कराचे दोनशे, आयकर. हिंजवडी, खराडी, पवई, ऐरोली भागातल्या काही कार्यालयांत या रकान्यांत आणखी एक ओळ असते. देणगी, रुपये दोनशे. कुणाची पाचशे, कुणाची हजार. कर्मचाऱ्याने कधीतरी कंपनीच्या पोर्टलवर जाऊन एखादी संस्था निवडलेली असते, संमतीच्या चौकटीत टिक केलेली असते, आणि त्यानंतर ती रक्कम दर महिन्याला पगारातूनच वळती होते. काही कंपन्या तेवढीच रक्कम स्वतःकडून त्यात घालतात. तुमचे शंभर, कंपनीचे शंभर. संस्थेच्या खात्यात दोनशे. कार्यालयांत याला नुसतं ‘मॅचिंग’ म्हणतात.

या ओळीकडे बहुतेक जण एचआर विभागाचा आणखी एक उपक्रम म्हणून पाहतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, २ ते ८ तारखेला ‘दानउत्सव’ येतो (२००९ मध्ये ‘जॉय ऑफ गिव्हिंग वीक’ या नावाने सुरू झालेला), कॅन्टीनबाहेर टेबल लागतं, मेल येतात, आठवडा सरतो. मला मात्र ही ओळ फार महत्त्वाची वाटते. कंपनीचा सामाजिक कामाचा पैसा कुठे जावा, हे ठरवण्यात साध्या नोकरदाराला हात घालता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. मॅचिंग ही त्यातली सगळ्यात सोपी जागा. तिचा तसा उपयोग आपण करत नाही, म्हणून हा लेख.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतला. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने, फिलिप रीड अध्यक्ष असताना, जाहीर केलं की कर्मचाऱ्याने आपल्या जुन्या कॉलेजला देणगी दिली तर कंपनीही त्या कॉलेजला तेवढीच रक्कम देईल. कंपनीला लागणारे अभियंते त्याच कॉलेजांतून येत होते, त्यामुळे व्यवहाराची बाजूही स्पष्ट होती. तरीही त्या योजनेत एक नवी गोष्ट घडली. कोणत्या कॉलेजला पैसे द्यायचे ते संचालक मंडळ ठरवणार नव्हतं, तिथे शिकून आलेला माणूस ठरवणार होता. पगारातून कापून देण्याची सोय त्याआधीच रुळत चालली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, अमेरिकेत प्राप्तिकर थेट पगारातून कापला जाऊ लागला. मालकाच्या हिशेबखात्याला दर आठवड्याच्या कपातीची सवय झाली आणि गावोगावच्या ‘कम्युनिटी चेस्ट’ या निधीसंस्थांनी, म्हणजे पुढच्या ‘युनायटेड वे’ने, तीच वाट धरली. ब्रिटनने १९८७ मध्ये पगारातून देणगीची कायदेशीर योजना आणली. तिथे देणगी कर लागण्याआधीच पगारातून बाजूला निघते. मालकाने जोड द्यावी की नाही, हे त्याच्या मर्जीवर.

मॅचिंगला खरी व्याप्ती आली ती संगणक कंपन्यांमुळे. मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी-देणगी कार्यक्रम १९८३ पासूनचा. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यामागे वर्षाला १५ हजार डॉलरपर्यंत ही कंपनी जोड देत आली आहे, आणि कर्मचाऱ्याने एखाद्या संस्थेसाठी विनामूल्य काम केलं तर तासाला २५ डॉलर त्या संस्थेला देते. अॅपलने टिम कुक प्रमुख झाल्यावर २०११ मध्ये ही योजना सुरू केली.

या कंपन्यांत मराठी माणसं मोठ्या संख्येने आहेत आणि इथेच आपला थेट संबंध सुरू होतो. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी स्थापलेलं महाराष्ट्र फाउंडेशन, बर्कलीतल्या विद्यार्थ्यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली ‘आशा फॉर एज्युकेशन’, मुंबईच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ची अमेरिकेतली शाखा, अशा तिथे नोंदलेल्या संस्थांना भारतीय कर्मचारी देणगी देतात, कंपनी जोड देते आणि पैसा इकडे येतो. सिअॅटलमधल्या कुणीतरी दिलेले हजार डॉलर दोन हजार होऊन एखाद्या तालुक्याच्या गावी पोचतात, तेव्हा तिथल्या संस्थेचा कितीतरी महिन्यांचा पगारखर्च भागतो.

पण हा रस्ता अरुंद होत गेला आहे. परकीय देणगी नियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये बदल झाले. परदेशातून येणारी प्रत्येक देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच आली पाहिजे, असं ठरलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली. आणि सगळ्यात जास्त लागलेला बदल म्हणजे, एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. पूर्वी मुंबई-पुण्यातली नोंदणीकृत मोठी संस्था परदेशी निधी घेऊन धडगाव किंवा भामरागडच्या लहान गटापर्यंत पोचवू शकत होती. आता त्या लहान गटाने स्वतःची परवानगी काढावी, दिल्लीत खातं उघडावं, त्याचे वेगळे हिशेब आणि विवरणपत्रं ठेवावीत. अनेकांना ते झेपत नाही. परदेशी पैशावर देखरेख असावी याबद्दल माझा वाद नाही. पण देखरेखीचा भार लहान संस्थेवर आणि मोठ्या संस्थेवर सारखाच टाकला की लहान संस्था गळून पडते. परदेशातल्या मॅचिंगचा ओघ मोठ्या नावांपाशी अडतो, त्याचं हे एक मोठं कारण.

म्हणून इथल्या, भारतातल्या कार्यालयांमधलं मॅचिंग जास्त महत्त्वाचं.

इथलं चित्र समजून घ्यायचं तर कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १३५ समोर ठेवावं लागतं. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, किंवा १ हजार कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यापैकी एक जरी अट पूर्ण झाली तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजे ‘सीएसआर’वर, खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. २०२२–२३ या एका वर्षात देशभर असा सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाला आणि राज्यांमध्ये सर्वाधिक वाटा महाराष्ट्राला मिळाला. ऐकायला बरं वाटतं. पण कायदा असंही सांगतो की कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. कारखाने आणि कार्यालयं मुंबई, ठाणे, पुणे, रायगडात. साहजिकच पैसाही तिथेच साठतो. ज्या जिल्ह्यात कारखाना नाही, त्या जिल्ह्याच्या वाट्याला कारखान्यातलं कामही नाही आणि त्याच्या नफ्यातला हा वाटाही नाही.

आता हिंजवडीच्या एखाद्या मजल्यावर बसलेली माणसं डोळ्यांसमोर आणा. कुणी हिंगोलीचा, कुणी अक्कलकुव्याची, कुणी देवरुखची, कुणी एटापल्लीजवळच्या आश्रमशाळेत शिकून आलेला. कंपनीच्या सीएसआर प्रमुखाला त्यांच्या तालुक्याचं नावही माहीत नसेल. पण तिथे मुलींच्या वसतिगृहाला स्वच्छतागृह नाही, कुठला दवाखाना खरंच चालतो, कुठल्या संस्थेची पाटी आहे पण काम नाही, हे या माणसांना पक्कं ठाऊक आहे. जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये ओळखलं ते हेच. कंपनीजवळ नसलेली माहिती कर्मचाऱ्याजवळ असते. मॅचिंग नीट राबवलं तर पुण्यात साठलेला पैसा त्या माहितीच्या मागे मागे हिंगोलीला जाऊ शकतो. दुसरी कोणतीही योजना हे इतक्या स्वस्तात करू शकत नाही.

मग होत का नाही?

पहिली अडचण नियमांची आहे. कर्मचाऱ्याने दिलेले शंभर रुपये कंपनीला आपल्या २ टक्क्यांत धरता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कंपनीने घातलेले शंभर धरता येतात, पण काम कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसणारं हवं, संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, किमान तीन वर्षांच्या कामाची नोंद हवी आणि १ एप्रिल २०२१ पासून केंद्राकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा. शिवाय वर्षाचा आराखडा आधी संचालक मंडळाने मंजूर करायचा आणि पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाले असं कंपनीच्या वित्तप्रमुखाने लिहून द्यायचं. चारशे कर्मचाऱ्यांनी दीडशे संस्था निवडल्या तर दीडशे संस्थांची कागदपत्रं कोण तपासणार? म्हणून कंपनी दहा-बारा मोठ्या, कागदोपत्री चोख संस्थांची यादी लावते आणि कर्मचाऱ्याला म्हणते, यातून निवड. त्या संस्था चांगल्याच असतात. पण त्यांची निवड झालेली असते ती फायलीवरून. कर्मचाऱ्याजवळची गावाकडची माहिती या यादीच्या दाराशीच थांबते.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे आणि तिच्याबद्दल उघडपणे बोललं जात नाही. अमेरिकेत मॅचिंगचा पैसा कंपनी स्वेच्छेने देते. कर्मचाऱ्याने देणगी दिली नसती तर तो बहुधा बाहेर पडलाच नसता. आपल्याकडे २ टक्के कायद्यानेच द्यायचे आहेत. तुम्ही शंभर द्या, आम्ही शंभर घालू, असं कंपनी म्हणते तेव्हा ते शंभर रुपये २ टक्क्यांतलेच असतील, तर तुमच्या देणगीने ते जन्माला आलेले नाहीत. ते कुठेतरी जाणारच होते. ‘तुमची देणगी दुप्पट होते’ हे वाक्य अशा वेळी पूर्ण खरं नसतं. खरं इतकंच असतं की जाणाऱ्या पैशाची दिशा तुम्ही बदलली. मला दिशा बदलण्याची ही ताकद दुपटीपेक्षा मोलाची वाटते. पण मग दिशा बदलण्याचा अधिकार तरी पूर्ण हवा. यादी कंपनीची, पैसा कायद्याने लागणारा, आणि पगारातले शंभर मात्र कर्मचाऱ्याचे, अशी रचना असेल तर कर्मचाऱ्याच्या हातात काय राहिलं? विप्रोने २००२ मध्ये, म्हणजे २ टक्क्यांचा कायदा येण्याच्या किती तरी आधी, ‘विप्रो केअर्स’ हा न्यास स्थापला आणि कर्मचाऱ्यांच्या योगदानात कंपनीची जोड घातली. कायद्याचा धाक नसताना केलेल्या अशा कामाचं मोल वेगळं आहे. प्रत्येक कंपनीने आपली जोड २ टक्क्यांतली आहे की त्याहून वेगळी, हे कर्मचाऱ्यांना एका ओळीत सांगायला हवं.

जोड दिल्याने लोक खरंच जास्त देतात का, याचा शोध अर्थशास्त्रज्ञांनी घेतला आहे. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांनी अमेरिकेतल्या एका संस्थेच्या सुमारे ५० हजार जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवली. काहींना साधं आवाहन. काहींना एकास एक, काहींना एकास दोन, काहींना एकास तीन अशी जोड सांगितली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जोड आहे म्हटल्यावर देणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्क्यांनी वाढलं आणि पत्रामागे मिळणारी रक्कम १९ टक्क्यांनी. पण एकास एक ऐवजी एकास तीन केल्याने काहीच फरक पडला नाही. म्हणजे कंपनीने मोठमोठी गुणोत्तरं जाहीर करण्याची गरज नाही. सरळ बरोबरीची जोड पुरते.

दुसरा प्रयोग म्युनिकच्या ऑपेरागृहाचा. स्टेफन हुक आणि इम्रान रसूल यांनी तिथल्या प्रेक्षकांना गरीब घरांतल्या मुलांसाठीच्या एका कार्यक्रमाकरिता पत्रं लिहिली. काहींना सांगितलं, एका दात्याने ६० हजार युरो आधीच दिले आहेत, आता तुम्ही द्या. काहींना सांगितलं, त्या दात्याचे पैसे तुमच्या देणगीला जोडले जातील. पहिल्या गटाने स्वतःच्या खिशातून जास्त दिलं. वरच्याने विनाअट आधी देऊन टाकलं, यावर लोकांचा विश्वास बसतो. वरचा देणार आहेच म्हटल्यावर काही जण आपला हात आखडतात. कंपनीच्या प्रमुखांनी यातून एक गोष्ट घ्यावी. सगळ्या मजल्यांवर मेल पाठवण्याआधी त्यांनी स्वतःच्या पगारातून दिलं, आणि ते लोकांना कळलं, तर ते आवाहन जास्त ऐकलं जाईल.

पगारातून देण्याची आपली जुनी सवय आहे ती एक दिवसाच्या वेतनाची. ३० सप्टेंबर १९९३ चा लातूर-उस्मानाबादचा भूकंप, २६ जानेवारी २००१ चा कच्छचा, २०१९ च्या ऑगस्टमधला कोल्हापूर-सांगलीचा महापूर. प्रत्येक वेळी सरकारी कार्यालयांतून, बँकांतून, शाळांतून लोकांनी आपला दिवस दिला आहे. त्यातला बराचसा मनापासून दिलेला आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. पण परिपत्रक निघतं, सही करायला कागद फिरतो, आणि ज्याच्या घरी त्याच महिन्यात आजारपण आहे त्याला नाही म्हणण्याची सोय उरत नाही. २०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांकडे महिन्याभराचं वेतन मागितलं आणि ज्यांना द्यायचं नाही त्यांनी तसं लिहून द्यावं, असं म्हटलं. उच्च न्यायालयाने ती अट रोखली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. आपण देऊ शकत नाही हे माणसाला लेखी जाहीर करायला लावणं अपमानाचं आहे, हा त्यामागचा मुद्दा होता. मला वाटतं, खासगी कंपन्यांतल्या प्रत्येक एचआर अधिकाऱ्याने हे प्रकरण वाचावं. कुठल्या विभागाने किती टक्के सहभाग दिला याचे तक्ते लावले जातात, तेव्हा शेवटच्या क्रमांकाच्या विभागातल्या माणसांवर नेमकं हेच ओझं येतं. कोण देतं आणि कोण नाही, हे साहेबाला कळताच कामा नये.

कोविडच्या काळात आणखी एक गाठ समोर आली. १० एप्रिल २०२० ला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलं की पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरली जाईल, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली धरली जाणार नाही; राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेली चालेल. म्हणजे कर्मचाऱ्यांनी आपल्या राज्याच्या मुख्यमंत्री निधीला एक दिवसाचा पगार दिला तर कंपनीला २ टक्क्यांतून त्याच निधीला जोड देता येत नव्हती. नोकरदाराने कुठे द्यायचं हे त्याने ठरवावं, या तत्त्वाशी हे विसंगत आहे. तो भेद काढून टाकला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैसे घेणाऱ्यांची बाजू. लहान संस्थांचे हिशेब सांभाळणाऱ्यांना विचारा, मोठा प्रकल्प हवा की दर महिन्याचे थोडे पैसे. सीएसआरचा पैसा बहुधा प्रकल्पाला बांधलेला असतो: इतकी शौचालयं, इतके टॅबलेट, इतकी झाडं, मार्चअखेर खर्च. त्यात कार्यकर्त्याचा पगार, जीपचं डिझेल, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराची डागडुजी बसत नाही. दर महिन्याला पगारातून येणारे दोनशे-पाचशे रुपये बांधलेले नसतात. शंभर माणसांनी पाचशे दिले आणि कंपनीने तेवढेच घातले, तर महिन्याला एक लाख रुपये होतात. ग्रामीण भागातल्या संस्थेत चार-पाच पूर्णवेळ कार्यकर्ते त्यावर वर्षभर टिकतात. टिकलेला कार्यकर्ता हीच अशा संस्थेची खरी मालमत्ता असते.

पण या लहान रकमांचा कागदी बोजाही संस्थेवरच येतो. दर देणगीदाराचा पॅन, पत्ता, रक्कम यांचं विवरण १०बीडी या नमुन्यात मेअखेरपर्यंत आयकर खात्याला द्यायचं, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क. आणि देणगीदाराला ८०जीची सवलत मिळते ती फक्त जुन्या करप्रणालीत. २०२३–२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही. तरुण नोकरदारांतले बहुसंख्य आता नव्या प्रणालीत आहेत. म्हणजे यापुढे पगारातून देणारा माणूस करासाठी देत नसेल, कामासाठी देत असेल. त्याला पावतीपेक्षा कामाची बातमी हवी.

मराठी नोकरदार अशी बातमी मिळाली की देतो, हे वेळोवेळी दिसलं आहे. ‘लोकसत्ता’ दर गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमातून दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचकांचे धनादेश येतात. मुंबई मॅरेथॉनमध्ये २००९ पासून युनायटेड वे मुंबईच्या मार्फत कंपन्यांचे चमू आणि एकटेदुकटे धावपटू आपापल्या संस्थेसाठी निधी उभा करतात. आणि मागे गेलं तर अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत फिरून उभा केलेला पैसा फंड आहे. टिळकांनी त्याच्या मागे बळ उभं केलं आणि १९०८ मध्ये तळेगावला त्यातून काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला मुष्टिफंडाच्या मूठ-मूठ धान्याने वसतिगृहं चालवता आली. त्या धान्याला कुणी जोड दिली नव्हती.

एक वर्ग या सगळ्यातून बाहेर राहतो, त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, कॅन्टीनमधले, चालक. ते त्याच इमारतीत काम करतात, पण कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. त्यांना पोर्टलचं लॉगिन नाही. त्यांनी पूरग्रस्तांसाठी शंभर रुपये दिले तर त्याला जोड मिळत नाही. पगाराच्या प्रमाणात पाहिलं तर त्यांचे शंभर साहेबाच्या हजारांपेक्षा जास्त आहेत. कंपनीच्या नियमावलीत एक ओळ घातली, की या आवारात काम करणाऱ्या कुणाच्याही देणगीला जोड मिळेल, तर हे सुटतं. खर्च नगण्य आहे.

तुमच्या कार्यालयात मॅचिंग असेल तर एचआरला लेखी विचारा: जोड २ टक्क्यांतली आहे की वेगळी, यादीबाहेरची संस्था सुचवता येते का, आणि सुचवली तर तिची कागदपत्रं तयार करायला कंपनीचा लेखा विभाग मदत करेल का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा आहे. सनदी लेखापाल तुमच्याच मजल्यावर बसतात. १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ चे अर्ज भरून देणं त्यांना अवघड नाही, आणि तुमच्या तालुक्यातल्या संस्थेला मात्र त्यापायी वर्ष-वर्ष थांबावं लागतं. मॅचिंग नसेल तर दहा-वीस सहकारी मिळून ते मागा. नवं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि सीएसआरचा आराखडा संचालक मंडळापुढे बहुतेक ठिकाणी त्याच्या आसपास जातो. तुमच्या गावाकडच्या संस्थेचं नाव त्यात हवं असेल तर दिवाळीची सुट्टी संपवून परत याल त्याच आठवड्यात पत्र द्या.